दोन दांड्या

मोईन डबा लावून गेला पावणेसहाला.
पांढरा, दोन शिंगांचा, टीव्हीच्या कपाटावर.
म्हणाला, काका, सगळे दिवे हिरवे झाले की झालं.
हिरवे झाले.
झालं नाही.

लॅपटॉप भाचीचा, जुना, 'एस'चं बटण उखडलेलं.
उघडला तर त्याला आधी शेजारीच दिसले:
कुलथे वरचा मजला, आहेर फॅमिली,
गुरुकृपा मेडिकल (ते तर पार चौकात!)
आणि एक नुसतंच 'हात लावू नका'.
बावीस वर्षं जेलरोडला या बिल्डिंगीत काढली,
एवढी माणसं एका यादीत पहिल्यांदा पाहिली.
प्रत्येकाच्या नावापुढे कुलूप.

कुलुपाचं मला कौतुक नाही.
चौतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
ताव मोजून घ्यायचे, मोजून द्यायचे,
एक कमी भरला तर कुणी घरी जायचं नाही.
गेटवर झडती. डब्यातल्या भाजीतही चमचा फिरवायचे.
(भाजी बहुतेक दोडक्याची. त्यांनाही दया यायची.)
आणि हे इथे भिंतीतून
न मोजता, न दाखवता
ये-जा करतंय
कुणाच्या सहीशिवाय.

मंदाचा वर्ग साडेसातला. मोडी शिकवते.
सहा विद्यार्थी: सिन्नरचा एक वकील, जुन्या खरेदीखतांसाठी,
ओझरची एक मुलगी, तिला कारणच नाही,
बाकीचे चौघे कॅमेरा बंद ठेवतात.
तिला बसायचं मागच्या खोलीत, तिथली ट्यूब चांगली म्हणून,
आणि मागच्या खोलीत डब्याचं काही पोचेना.
एक दांडी. मग नुसता ठिपका. मग ठिपक्यावर फुली.

मग वायर सोडत डबा कडेवर घेऊन मी घरभर.
फ्रीजवर ठेवला.
गव्हाच्या कोठीवर ठेवला. मोईन फोनवर म्हणाला,
पत्रा आहे काका, पत्र्यातून काही जात नाही.
देव्हाऱ्याशेजारी ठेवणार, तर मंदा म्हणाली,
तिथे नको, तिथे आधीच एकजण आहे
ज्याची रेंज येत-जात असते.
शेवटी पॅसेजमध्ये, मीटरच्या वर,
छत्रीच्या खुंटीला.
दोन दांड्या.
पुरे, ती आतून ओरडली, अक्षर दिसतंय.

पासवर्ड मोईनने ठेवला होता एक ते आठ.
एक ते आठ!
मी केला एकोणीस अक्षरांचा, मधे चांदणी, शेवटी आकडे.
काय ते तुम्हाला सांगत नाही.
मंदाने कागद घेतला,
या कडेपासून त्या कडेपर्यंत आधी रेघ ओढली
आणि मग तिला एकेक अक्षर टांगत गेली,
हात न उचलता,
जसं काही सगळं एकाच दमात सांगायचं होतं.
फ्रीजच्या दारावर चिकटवला. उघड्यावर.
येणारेजाणारे नक्षी समजतात.

वाचता मलाही येत नाही.
लॅपटॉप विसरला की हाक मारायची:
मंदे, पाचवं काय गं?
ती म्हणते, साडेसातला बस की मागच्या रांगेत.

परवा लाइट गेली नि आली.
खुंटीवरचे दिवे एकेक करून जागे झाले,
लॅपटॉप मात्र सगळं विसरून कोरा.
मंदा बहिणीबरोबर गंगेवर गेलेली, फोन इथेच ओट्यावर.
मी चष्मा पुसला. कागद काढून ट्यूबसमोर धरला,
नोट धरायचो तसा,
आणि रेघेवरून बोट नेत गेलो.
हे र असावं. नाही, श.
चुकलं.
याला काना आहे की पुढच्याची शेपटी?
चुकलं.
खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, लागत नव्हती.
तिसऱ्यांदा कुलूप गेलं.

पडद्यावर ओझरची मुलगी, अर्धा तास आधीच आलेली.
माझं तिला अर्धं कपाळच दिसत असणार.
मॅडम आहेत?
नाहीत, म्हटलं. गंगेवर गेल्यात.
बसते मग, म्हणाली.
मीही बसलो.